काचेवरच्या तीन टिकल्या

मी जे काम करते त्याला अजून नाव पडलेलं नाही. चाकणच्या रस्त्यावरच्या चार-पाच छोट्या कारखान्यांत मला 'चित्रंवाल्या बाई' म्हणतात. नवीन माणसाला वाटतं मी भिंतीवर डोंगर आणि नारळाची झाडं रंगवत असेन. एका गेटवर वॉचमननं मला विचारलं, "रंगाचे डबे कुठायत?" मी पिशवीतून दोनशे पानी वही काढून दाखवली. त्यानं ती उलटून पालटून पाहिली आणि मला आत सोडलं, पण पाठीमागून बराच वेळ बघत राहिला.

दिवाळीला आमच्या ऑफिसात अंक येतात आणि साहेबलोकांचे वाचून झाले की जेवणाच्या खोलीत पडतात. त्यात कुणी ना कुणी आपल्या नोकरीच्या आठवणी लिहिलेल्या असतात. ते मी आधी वाचते. मी चौथीपर्यंत शिकले, पण वाचायची सवय सोडली नाही. आपण पण लिहावं असं वाटलं म्हणून जुन्या जॉबकार्डांच्या कोऱ्या पाठीवर लिहिते आहे. छापायला पाठवायचं धाडस माझ्यात नाही. कपाटात राहील.

माझं मूळ काम पॅकिंगचं. आमचा कारखाना गाड्यांना लागणारे लोखंडी तुकडे बनवतो. तुकडे मोजून पेटीत भरायचे, पेटीचं वजन घ्यायचं, वर लेबल चिकटवायचं आणि टेप मारून टेम्पोत चढवायची. आमचा माल दोन मोठ्या कंपन्यांना जातो. त्यांची इंग्रजी नावं लांबलचक आहेत, म्हणून आम्ही बायका एकीला थोरली म्हणायचो आणि दुसरीला धाकटी. दोघी एकमेकींच्या धंद्यावर टपलेल्या. एका घरातल्या न पटणाऱ्या जावांसारख्या. थोरलीचं लेबल वेगळं, धाकटीचं वेगळं, आणि दोन्ही लेबलं छापायचे प्रोग्राम वेगवेगळे.

लेबलच्या कॉम्प्युटरवर कौसाबाई बसायच्या. त्या चाकणजवळच्या गावच्या, घरची शेती, थोडी कारखान्यात गेलेली. वय साठीच्या अलीकडे, गुडघे कामातून गेलेले, आणि अख्ख्या पॅकिंगमध्ये बसून करायचं काम ते एकच. मी त्यांच्या शेजारी उभी राहून टेप मारायची. त्या रजेवर गेल्या की त्यांच्या जागी बसायची, पण जीव मुठीत धरून.

आधी त्या कॉम्प्युटरवर सगळ्या प्रोग्रामांना आपापली चित्रं होती. कौसाबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण लाल चित्र म्हणजे थोरली, हिरवं म्हणजे धाकटी, एवढ्यावर त्यांनी कितीतरी वर्षं चूक केली नव्हती. मग कॉम्प्युटर म्हातारा झाला. बटण दाबलं की चहा पिऊन यावं तेव्हा कुठं पडदा उजळायचा. शेठनी नवा घेण्याऐवजी त्याच्यावर लिनक्स टाकून घेतलं. ते फुकट असतं आणि म्हाताऱ्या मशीनवर पण पळतं, असं आमच्या कॉम्प्युटरवाल्या गित्ते सरांनी सांगितलं. ते खरं निघालं. मशीन पळायला लागलं.

फक्त चित्रं गेली.

हे कसं झालं ते सांगते, कारण पुढची सगळी भानगड त्यातून झाली. गित्ते सरांनी लेबलचे नवे प्रोग्राम दिले ते पोर्टेबल होते, म्हणजे न बसवता चालणारे. एकच फाइल असते. कुठंही ठेवा, चालायची परवानगी द्या, दोनदा टिचकी मारा, चालू. मला तो प्रकार जेवणाच्या डब्यासारखा वाटतो. भाजी, पोळी, भात सगळं आत. ज्या गावी उघडाल तिथं जेवण तयार. पण आमच्या कारखान्यात जेवणाच्या फळीवर चाळीस स्टीलचे डबे सारखेच दिसतात, आणि ज्यानं झाकणावर नाव कोरून घेतलं नाही तो उपाशी राहतो किंवा दुसऱ्याची कारल्याची भाजी खातो. या फाइलींचं पण तेच. त्यांचं चित्र आत असतं, पण बाहेरून सगळ्यांवर एकच राखाडी दातेरी चाक. खाली इंग्रजी नाव, ते इतकं लांब की अर्ध्यावर तीन ठिपके. पडद्याच्या वरच्या बाजूला ओळीनं तीन चाकं: डावीकडे थोरली, मधे वजनकाटा, उजवीकडे धाकटी.

कौसाबाई पहिल्या दिवशी बघतच राहिल्या. "कारखान्यात चाकं कमी हायती व्हय, म्हनून हितं बी चाकंच?"

माझ्याकडे डांगे चौकातून आणलेलं रंगीबेरंगी टिकल्यांचं पाकीट होतं. मी मरून रंगाची लावते, बाकीच्या पडून होत्या. मी डाव्या चाकाजवळ काचेवर लाल टिकली लावली, मधल्याजवळ पिवळी, उजव्याजवळ हिरवी.

कौसाबाई खूश झाल्या, पण टोमणा मारल्याशिवाय त्यांना करमायचं नाही. "सुमन, तुज्या टिकलीचा काय भरवसा. तुज्या कपाळावरची दुपारच्याला भुवईवर येती. माजं बघ." त्यांच्या कपाळावर हिरवट निळं गोंदण आहे. "घामानं जात न्हाई, आन् सरकत बी न्हाई."

टिकल्यांवर आमचं काम सात-आठ महिने बिनचूक चाललं. शेठ पॅकिंगमध्ये यायचे ते टेम्पो बघायला, पडदा बघायला नाही. गित्ते सर फोनवरूनच काम उरकायचे. टिकल्यांची गोष्ट आम्हा दोघींपुरती राहिली.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी मशीनं पुसून त्यांची पूजा करतात. प्रेस, ड्रिल, वजनकाटा, अगदी पाणी भरायची मोटर पण. हळदकुंकू, झेंडूची माळ, पुढं रांगोळी. कौसाबाईंच्या घरी ट्रॅक्टरची पूजा, म्हणून त्या रजेवर. लेबलच्या टेबलापुढं रांगोळी मी काढली. मला रांगोळी बरी येते. टेबलाच्या तीनही बाजूंनी वेल फिरवली, आणि मग ध्यानात आलं की पडदा पुसायचा राहिलाय. मशीन बंद होतं, काच काळी. आता पुढून जायचं तर वेलीवर पाय पडणार. म्हणून मी भिंतीच्या बाजूनं टेबलामागे शिरले, पडद्यावरून पुढं वाकले, तिन्ही टिकल्या काढून मनगटावर चिकटवल्या, काच ओल्या फडक्यानं पुसली, आणि तशीच मागून वाकून टिकल्या होत्या तशा परत लावल्या. लाल डावीकडे, पिवळी मधे, हिरवी उजवीकडे.

माझ्या डावीकडे.

वाचणाऱ्याच्या आत्ताच लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. दसऱ्याची सुट्टी झाली, कौसाबाई आल्या, लाल टिकलीखालचं चाक दाबलं आणि थोरलीच्या मालावर धाकटीची लेबलं छापली. दोन्ही प्रोग्राम एकाच माणसानं केलेले, खिडकी सारखीच, लेबलावर चौकोनी ठिपक्यांची नक्षी सारखीच, वेगळं ते फक्त इंग्रजी. मधली पिवळी उलटली तरी मधेच राहते, म्हणून वजनं सगळी बरोबर येत होती आणि कुणाला शंका आली नाही. मी प्रत्येक पेटीवर लेबल अंगठ्यानं दाबून बसवलं. अगदी कोपरे निघू नयेत म्हणून.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, टेम्पो परत आला. थोरलीच्या गेटवर तिच्याच जावेच्या नावाच्या पेट्या उतरवायला गेलेला टेम्पो. ड्रायव्हर सांगत होता, "गेटवरचा माणूस मला म्हणतो, भाऊ, पत्ता चुकला का मुद्दाम चिडवायला आलायस?"

शेठ तावातावानं पॅकिंगमध्ये आले. त्यांचा आवाज मोठा आहे, आणि मोठ्या आवाजापुढं माझी जीभ टाळ्याला चिकटते. ती लहानपणापासूनची खोड. ते येईपर्यंत मात्र एक गोष्ट घडून गेली होती. टेप घ्यायला मी पडद्याच्या मागून हात घातला आणि एकदम मला माझाच खंडेनवमीचा हात दिसला. कौसाबाई पाणी प्यायला गेल्या होत्या. मी इकडं तिकडं पाहिलं आणि लाल आणि हिरवी टिकली उचलून पुन्हा आपापल्या जागी लावली.

आयुष्यात पस्तावा करायच्या गोष्टी बऱ्याच असतील, पण मला हीच आठवते. टिकल्या उलट लावल्याचा नाही, सुलट केल्याचा.

कारण शेठनी विचारलं, "कौसाबाई, कुठलं बटण दाबलं तुम्ही?"

"लाल टिकलीचं."

"टिकलीचं?" शेठनी तेव्हा पहिल्यांदा पडदा नीट पाहिला. "हे काय? स्क्रीनला टिकल्या? दाबा बरं."

कौसाबाईंनी दाबलं. थोरलीचं लेबल आलं. बरोबर.

"बघा," शेठ म्हणाले. "सिस्टीम बरोबर आहे. म्हणजे चूक नजरेची. कौसाबाई, तुमचं वय झालं आता. शुक्रवारपासून तुम्ही प्रेसवर बसा. इथं डिप्लोमा झालेली मुलगी येईल, तिला वाचता तरी येईल."

प्रेसवर कुणी बसत नाही. तिथं आठ तास उभं राहून तुकड्यांच्या कडा घासायच्या असतात. शेठ गेल्यावर कौसाबाईंनी डोळे चोळले, हात लांब धरून स्वतःची बोटं पाहिली आणि मला म्हणाल्या, "म्या लालच दाबलं हुतं गं. का हिरवं दाबलं? तुला काय आठवतंय?"

मी टेप शोधत होते. मी टेप बराच वेळ शोधली.

बुधवारी गित्ते सर आले. ते लातूरकडचे, जाडजूड, बोलताना सारखे 'बगा' म्हणणारे. टिकल्या बघून इतके हसले की खुर्ची मागं सरकली. "अहो, मला सांगायचं की. दोन मिनिटांचं काम हाय, बगा." त्यांनी पेन ड्राइव्ह लावला, काळ्या अक्षरांची एक छोटी फाइल उघडली, चार-पाच ओळी लिहिल्या. दातेरी चाक गेलं आणि तिथं लाल ट्रकचं चित्र आलं. तिन्ही झाली. शेठनी मान हलवली. सरांनी चहा घेतला, पेन ड्राइव्ह काढून खिशात टाकला आणि मोटरसायकलवर बसून गेले. ते गेटबाहेर पडतात न पडतात तोच मशीन बंद करून चालू केलं, तर पुन्हा तीन चाकं.

शेठ वैतागले. "जाऊ दे. मुलीला चित्रं लागणार नाहीत."

मी मात्र सर लिहीत होते तेव्हा मागं उभी राहून त्या ओळी वहीत उतरवून घेतल्या होत्या. रांगोळीचे ठिपके उतरवावेत तशा, अर्थ न कळता. लेबलं चिकटवून मला एबीसीडी ओळखता यायची. रात्री, म्हणजे जेवणं झाल्यावर लगेच, वही उघडली तेव्हा दिसलं की डब्याचा, म्हणजे प्रोग्रामचा, पत्ता एका शब्दानं सुरू होतो आणि चित्राचा पत्ता दुसऱ्याच शब्दानं. तो दुसरा शब्द मी पडद्यावर पाहिला होता, पेन ड्राइव्ह लावल्यावर वर आलेल्या पट्टीत. मग सगळं कळलं. सरांनी चित्राचा पत्ता पेन ड्राइव्हचा दिला होता, आणि चित्र खिशात घालून ते घरी गेले होते.

आमच्याकडे सुट्टी गुरुवारची. गित्ते सरांचं दुकान थेरगावातच, डांगे चौकापासून आत, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं. तीन वर्षं मी त्या दुकानावरून जात होते आणि एकदाही मान वर केली नव्हती. त्या दिवशी गेले आणि समोर भाजीवालीपाशी थांबले. आत दोन माणसं होती. ती जाईपर्यंत म्हणून कोथिंबिरीची जुडी घेतली. माणसं गेली, पण धीर होईना, म्हणून अजून एक घेतली. मग तिसरी.

"बाई, घरी कार्य आहे का?" भाजीवालीनं विचारलं.

चौथी जुडी घ्यायची लाज वाटली म्हणून मी दुकानात शिरले.

"या, या," गित्ते सर म्हणाले. "लेबलवाल्या बाई ना तुमी? आन् एवढी कोथिंबीर?"

मी एक जुडी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि वही उघडून त्या शब्दावर बोट ठेवलं. त्यांनी वाचलं. खिसा चाचपला, पेन ड्राइव्ह काढून बघितला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"लाजायलो मी आता," ते म्हणाले. "हे तुमाला कसं कळलं?"

"दोन शब्द वेगळे दिसले," मी म्हणाले. माझ्या आवाजाची मलाच ओळख पटली नाही.

त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि दोन तास शिकवलं. जे समजलं ते असं. ती छोटी फाइल म्हणजे चिठ्ठी असते. डबा कुठं ठेवलाय, त्याचं नाव काय आणि झाकणावर कुठलं चित्र लावायचं, ते त्या चिठ्ठीत लिहायचं. चित्र मशीनवरच एका कायमच्या जागी ठेवायचं आणि त्याचा अख्खा पत्ता द्यायचा, गल्लीपासून दारापर्यंत. अर्धा पत्ता दिला तर चित्र सापडत नाही. डबा किंवा चित्र जागचं हललं तर चिठ्ठी खोटी पडते. डब्याला आणि चिठ्ठीला दोघांनाही चालायची परवानगी द्यावी लागते. मोठं अक्षर आणि लहान अक्षर वेगळं.

"लिनक्स लई मानी असतंय बगा," सर म्हणाले. "एक अक्षर चुकलं की तोंड फिरवतंय. भांडत नाही, काई नाही. नुसतं चाक दाखवतंय."

अजून एक गोष्ट त्यांना स्वतःला पण आधी आठवली नव्हती. प्रोग्राम चालू झाला की खालच्या पट्टीत त्याचं चित्र येतं, तिथं पुन्हा दातेरी चाकच येत होतं. दोन्ही लेबलं एका वेळी उघडी असली तर खाली दोन सारखी चाकं, म्हणजे पुन्हा तोच घोळ. त्याला चिठ्ठीत आणखी एक ओळ लागते. चालू झाल्यावर खिडकी स्वतःचं जे नाव सांगते तेच नाव चिठ्ठीत लिहायचं, म्हणजे मशीनला पटतं की ही खिडकी याच डब्यातली. ते नाव विचारून घ्यायची युक्ती सरांनी शिकवली. मी तीनदा करून दाखवली.

"चित्रं कुठली लावू? ट्रक, तराजू?"

मी पिशवीतून टिकल्यांचं पाकीट काढलं. लाल, पिवळी, हिरवी. सरांनी त्यांचे फोटो काढले, कडा साफ केल्या आणि पेन ड्राइव्हवर घालून दिले. "हा पेन ड्राइव्ह तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "माझ्या खिशाचा भरवसा नाही."

शुक्रवारी शिफ्टच्या आधी अर्धा तास पोचले. पेन ड्राइव्ह लावून चित्रं मशीनवर उतरवली आणि पेन ड्राइव्ह लगेच काढून पिशवीत टाकला. चिठ्ठ्या लिहिल्या. एक चित्र आलं नाही, बघितलं तर एक मोठं अक्षर लहान पडलं होतं. ते नीट केलं, मशीन बंद करून चालू केलं. तीन टिकल्या, आता काचेच्या आतल्या बाजूला. काचेवरच्या मी काढून घेतल्या.

तेवढ्यात कौसाबाई आल्या. नाकावर नवा चष्मा. आदल्या दिवशी मुलाला घेऊन डोळे तपासून आल्या होत्या. "शेठ म्हनलं ते खरं असंल," त्या म्हणाल्या. "डाक्टर म्हनला, जवळचा नंबर हाय. म्या त्याला इचारलं, लाल-हिरवं कळंना असं व्हतं का? त्यो म्हनला, असं एकदम न्हाई व्हत. पर त्याला काय म्हाईत." चष्म्याच्या आत डोळे मोठे दिसत होते आणि त्यात भीती होती. स्वतःच्या नजरेवरचा विश्वास गेलेल्या माणसाची भीती. ती मी त्यांना दिली होती.

शेठ आले. पडदा पाहिला. "हे कुणी केलं? गित्ते आला होता?"

मी मान हलवली, म्हणजे नाही. मग छातीवर बोट ठेवलं, म्हणजे मी. शेठना पटलं नाही, पण त्यांनी चित्रं ओढून इकडची तिकडे केली आणि म्हणाले, "कौसाबाई, थोरली दाखवा."

लाल आता उजवीकडे खाली होती. कौसाबाईंनी तिथं जाऊन दाबलं. बरोबर. धाकटी, बरोबर. खालच्या पट्टीत पण लाल आणि हिरवी शेजारी शेजारी.

"ठीक आहे," शेठ म्हणाले. "पण झालेली चूक काही..."

"मी लावल्या," मी म्हणाले.

इतक्या वर्षांत शेठशी बोललेलं माझं ते पहिलं वाक्य. दोनच शब्द, आणि ते पण त्यांना कळले नाहीत. "काय लावल्या?"

पुढचं तोंडानं सांगायला जमेना. मी मशीन बंद केलं, काच काळी झाली. मग लाल टिकली शेठच्या बोटावर ठेवली, त्यांना टेबलामागे जायला खूण केली आणि म्हणाले, "डावीकडे लावा."

शेठ अवघडून भिंत आणि टेबलाच्या मधे शिरले, पोट सावरत पडद्यावरून वाकले आणि डाव्या हाताला टिकली लावली. मी म्हणाले, "आता पुढून बघा." ते पुढं आले. टिकली उजवीकडे होती.

पॅकिंगमधल्या सगळ्या बाया काम थांबवून बघत होत्या. शेठ एकदा टिकलीकडे, एकदा भिंतीकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले.

"खंडेनवमीला मी मागून लावल्या," मी म्हणाले. "पुढं रांगोळी होती. त्या रजेवर होत्या. टेम्पो आल्यावर मीच परत बदलल्या. त्यांची नजर चांगली आहे."

वाटलं आता प्रेसवर माझी पाळी. शेठ म्हणाले, "पुढच्या वेळी रांगोळी जरा बाजूला काढत जा." आणि गेले. जाता जाता ऑफिसात सांगितलं की त्या मुलीला स्टोअरला बसवा.

कौसाबाईंनी चष्मा काढला, मिटला आणि ओच्यात ठेवला. त्या दिवशी जेवताना त्यांनी डबा दुसऱ्या बाकावर नेला. दुसऱ्या दिवशी पण. रोज त्यांच्या डब्यातला ठेचा माझ्याकडे यायचा आणि माझं लोणचं तिकडे जायचं. ते बंद. मी लोणचं नेत राहिले आणि परत आणत राहिले. पाचव्या दिवशी माझ्या झाकणावर ठेच्याचा गोळा पडला. वर बघितलं तर त्या दुसरीकडेच बघत होत्या.

"चष्मा वाया न्हाई गेला," त्या म्हणाल्या. "तांदळातलं खडं लई ब्येस दिसत्यात." मग म्हणाल्या, "सांगायचं की गं मला. आधी मला सांगायचं."

मी हो म्हणाले.

त्यानंतर शेठनी ओळखीच्या कारखानदारांना सांगितलं आणि मला बोलावणी यायला लागली. मी गुरुवारी जाते. सोबत पेन ड्राइव्ह, वही आणि रिकामं पोट, कारण सगळीकडे पोहे मिळतात. गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची असतात. एका साहेबांनी तीनही प्रोग्रामांवर स्वतःचा फोटो लावायला सांगितला. मी तिन्हीवर एकच चित्र कसं चालेल हे सांगायचा प्रयत्न केला, पण त्यांच्यापुढं बोलवेना, म्हणून लावला. पंधरा दिवसांनी त्यांचा माणूस विचारायला आला, "बाई, साहेब तीन ठिकाणी दिसतात, वजनकाट्यावरचे साहेब कुठले?" दुसऱ्या एका ठिकाणी मॅनेजरला नीटनेटकेपणाची आवड. त्यांनी सगळे डबे उचलून 'जुने' नावाच्या कप्प्यात घातले आणि चिठ्ठ्या तशाच राहिल्या. आता मी काम झालं की टेबलावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवते: इथलं काही हलवू नये. एका ठिकाणी त्यांनी तेव्हापासून खुर्ची पण हलवलेली नाही.

यंदाच्या खंडेनवमीला कौसाबाई सकाळपुरत्या कामावर आल्या. रांगोळी मी टेबलापासून दोन हात लांब काढली. शेठनी स्वतः येऊन अंतर पाहिलं. काचेवर पुसण्यासारखं काहीच नव्हतं, तरी मी पुढून उभी राहून ती पुसली. कौसाबाईंनी पडद्याच्या चौकटीला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. आतल्या तीन टिकल्या जिथल्या तिथं.

काम करून मला घाम आला होता. कौसाबाईंनी माझ्याकडे बघितलं, ओच्यातून चष्मा काढून लावला आणि पुन्हा बघितलं. माझी मरून टिकली भुवईवर आली होती. मी चाचपायला हात वर नेला, तर त्यांनी माझा हात बाजूला केला, टिकली बोटावर घेतली आणि माझी हनुवटी धरली.

"हालू नगंस," त्या म्हणाल्या. "म्या समोरनं लावते."